झाडू मुलींच्याच हातात का?

मैत्रिणींनो, मुलांना शाळेच्या फाटकाशी सोडलं की आपण घाईघाईनं मागे फिरतो. नळाचं पाणी जायची वेळ झालेली असते, गॅसवर कुकर ठेवायचा असतो. पण एखाद्या दिवशी लगेच फिरू नका. दहा-पंधरा मिनिटं तिथेच थांबा आणि नुसतं बघा. वर्ग कोण झाडतंय? पिण्याचं पाणी कोण भरतंय? परिपाठाला पुढे उभं राहून सूचना कोण देतंय? पाहुणे आले की खुर्च्या कोण मांडतं आणि चहाचे कप कोण विसळतं? आणि शेवटच्या बसकर पट्टीवर, भिंतीला टेकून, रोज तीच तीन-चार मुलं का बसतात?

भिंतीवर मात्र संविधानाची उद्देशिका झकास रंगवलेली असते. समता, बंधुता, सगळं ठळक अक्षरांत. तिच्याच खाली खराटा घेऊन दुसरीतली मुलगी उभी असते.

गेली बारा-तेरा वर्षं मी आमच्या तालुक्यातल्या प्राथमिक शाळांमधून हिंडते आहे. नोकरी नाही, पगार नाही. घरचं आवरून, बचत गटाच्या कामाला जोडून. आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीवर 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून माझं नाव आहे. शब्द फारच मोठा आहे हो. मी आपली साधी बी. ए. मराठी. पण या हिंडण्यातून एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली आहे. शाळेतली समानता भाषणात शोधायची नाही. ती झाडू, पाणी, ताट आणि बसायची जागा यांत शोधायची.

आता झाडूचंच बघा. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाई नसतो. मग वर्ग झाडायचा कुणी? मुलांनी. त्यात वाईट काहीच नाही, आपली शाळा आपण झाडावी. वाईट हे, की 'मुलांनी' म्हणता म्हणता ते काम मुलींवर येतं. आणि स्वच्छतागृह धुवायची वेळ आली की त्या मुलींमधल्याही ठराविक मुलींवर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरीतली एक मुलगी दर गुरुवारी शाळा बुडवायला लागली. अभ्यासात चांगली, पाढे तोंडपाठ, पण गुरुवार आला की पोटात दुखायचं. आई नगरपंचायतीत सफाई कामगार. तिनं लेकीला खोदून विचारलं तेव्हा कळलं, की गुरुवारी स्वच्छतागृह धुवायची पाळी असते आणि त्या पाळीत त्यांच्याच वस्तीतल्या चार मुली असतात. कुणी कागदावर असं लिहिलं नव्हतं, बरं का. 'तुम्हाला सवय आहे ना गं' एवढंच कधीतरी कुणीतरी म्हणालं होतं आणि मग तेच चालू राहिलं.

ती माउली माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "ताई, मी हेच करते. माझी सासूही हेच करत होती. पोरीनं शाळेतही हेच करायचं तर तिला शाळेत घालू कशाला?"

याला काय उत्तर द्यायचं, सांगा. ती पुढच्या वर्षी मुलीला शाळेतून काढून बहिणीकडे पाठवणार होती. म्हणजे एका झाडूपायी एक हुशार पोर शाळेबाहेर.

आम्ही विषय समितीत नेला. इथे थोडी माहिती सांगायलाच हवी, कारण ती आपल्यापैकी अनेकींना ठाऊकच नसते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या बायका असाव्याच लागतात. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव. ही समिती नुसती सह्यांपुरती नाही. शाळेचा विकास आराखडा तिनं करायचा, आलेला पैसा कसा खर्च होतो ते तिनं पाहायचं. (खासगी विनाअनुदानित शाळांना मात्र ही समिती लागू नाही.)

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात काय होतं? शिपाई नसल्यानं वहीच घरी येते. "वहिनी, इथे सही करा." वहिनी पीठ माखलेल्या हातानं सही करते. सभा झाली! किंवा नवराच जातो सभेला आणि म्हणतो, "तिला काय कळतंय त्यातलं."

आमच्या त्या सभेला मात्र सहा जणी आल्या. आम्ही आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं. मुख्याध्यापक माणूस भला. कुणाचं वाईट चिंतणारा नाही. ते म्हणाले, "अहो, मुली नीट झाडतात. मुलं नुसता धुरळा करतात." त्यावर कोपऱ्यात बसलेली एक आई, कधीही तोंड न उघडणारी, पटकन म्हणाली, "मग मुलांना शिकवा की. पाढे तरी त्यांना जन्मतः कुठे येत होते?"

हसू पिकलं आणि काम सोपं झालं. हजेरीपटाच्या क्रमानं गट करायचे, प्रत्येक गटात मुलगे आणि मुली दोन्ही, झाडायची पाळी सगळ्यांना. पाणी भरणं, फळा पुसणं, परिपाठात सूचना देणं, हेही त्याच पाळीनं फिरणार. स्वच्छतागृह कुठल्याच मुलानं किंवा मुलीनं धुवायचं नाही. त्याला माणूस लावायचा. पैसे कुठून आणायचे? तर समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान मिळतं, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करावा असा नियमच आहे. पूर्ण रक्कम वेळेवर हातात पडतेच असं नाही, म्हणून बाकीची भर आम्ही वर्गणीतून घातली. आठवड्यातून दोनदा धुणं होतं. ठराव इतिवृत्तात लिहून घेतला. हे महत्त्वाचं, मैत्रिणींनो. तोंडी ठरलेलं तोंडीच विरतं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. तिसऱ्याच दिवशी एक वडील तणतणत आले. "माझ्या पोराच्या हातात झाडू? घरी तो पाण्याचा तांब्या उचलत नाही!" वर्गशिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच." आणखी एका घरी नातवानं रविवारी आपणहून केरसुणी हातात घेतली तर आजीनं ती हिसकावली. म्हणाली, "घरात बायका मेल्यात का?" हा किस्सा सुनेनं मला हसत हसत सांगितला, हसण्याच्या आड दुसरंही काही होतं.

गुरुवारी पोट दुखणारी ती मुलगी यंदा पाचवीत गेली. आता तिचं पोट फक्त चाचणीच्या दिवशी दुखतं.

बालभारतीच्या पुस्तकांनी या बाबतीत चांगलं पाऊल टाकलं आहे. २०१९ साली आलेल्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघंही भाजी निवडत बसलेत असं चित्र आलं, डॉक्टर बाई आल्या, वाहतूक पोलीस बाई आल्या. ते चित्र दाखवून मी एका वर्गात विचारलं, "तुमच्या घरी भाजी कोण निवडतं?" सगळे ओरडले, "आईऽऽ!" एक मुलगा हळूच म्हणाला, "आमचे पप्पा निवडतात," आणि वर्ग फिदीफिदी हसला. पोरगा कानापर्यंत लाल. बाईंनी लगेच त्यालाच उभं करून विचारलं, "मेथी कशी निवडायची, सांग बघू सगळ्यांना." त्यानं देठासकट इतकं बारकाईनं सांगितलं की हसणारे गप्प. पुस्तकातल्या चित्राला अशी शिक्षिका मिळाली तर ते जिवंत होतं. नाहीतर ते चित्रच राहतं.

झाडूनंतर येते खिचडी. दुपारच्या आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची. सुरुवातीला कोरडं धान्य मिळायचं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि खिचडीचा वास शाळाशाळांत दरवळू लागला. २००४ साली त्याच न्यायालयानं सांगितलं, की स्वयंपाकाच्या कामावर नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. किती विचारपूर्वक दिलेला आदेश आहे पाहा! लेकरांचं पोट भरायचं आणि एका पंगतीत जेवायची सवयही लागायची.

पण ही सवय मोठ्यांनाच जड जाते. उत्तराखंडात, चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत, डिसेंबर २०२१ मध्ये दलित भोजनमाता नेमली तेव्हा सवर्णांच्या मुलांनी जेवण नाकारलं. तिला कामावरून काढलं गेलं. बोभाटा झाल्यावर परत घेतलं. आपल्याकडे इतकं उघड सहसा कुणी करत नाही. आपल्याकडे मुलांना एकाएकी तिखट चालेनासं होतं. "आमच्या ह्याला ना, तांदूळ बाधतो," असं म्हणत घरून डबा येतो. डब्यावाली मुलं ओट्यावर, खिचडीवाली खाली. कुणी कुणाला काही बोललेलं नसतं आणि पंगत मात्र दोन झालेली असते.

यावर आम्ही काय केलं? भाषण मुळीच केलं नाही. आहार वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घ्यावी असा नियम आहेच, त्याला आयांची जोड दिली. रोज एका आईनं यायचं, चव घ्यायची आणि मुलांच्या पंगतीत बसून जेवायचं. नावं घरांच्या क्रमानं फिरवली, कुठली गल्ली वगळली नाही. पेठेतल्या एक बाई पहिल्यांदा आल्या त्या ताट मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. शेजारी त्यांचाच मुलगा, त्याचं सगळं लक्ष आईच्या हाताकडे. आईनं पहिला घास घेतला आणि मग त्यानंही घेतला. जाताना बाईंनी स्वयंपाकीण मावशींना विचारलं, "मोहरी कधी घालता हो? चव छान आलीय." मावशींना ते वाक्य अजून पाठ आहे. जाता जाता सांगते, या मावशींचं मानधन २०२३ साली वाढून महिना २५०० रुपये झालं. त्याआधी ते १५०० होतं! साठ-सत्तर मुलांचं रांधून, वाढून, भांडी घासून.

बसायच्या जागेवरून आठवलं. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर, वेगळ्या कोपऱ्यात बसावं लागे. शाळा सुटल्यावर तो गोणपाटही घरी न्यावा लागे, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायानं नळ सोडून द्यायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांनी साताऱ्याच्या त्या शाळेत नाव घातलं तो ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तर १९१९ सालीच अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला होता. आज गोणपाट नाही. पण शेवटची पट्टी आहे, हे विसरून चालणार नाही. दर सोमवारी पट्ट्या बदलायच्या, पुढची मागे आणि मागची पुढे, एवढा साधा उपाय एका बाईंनी केला. महिन्याभरात त्यांना कळलं, की मागे बसणाऱ्या एका 'ढ' मुलाला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. त्याला चष्मा लागला, बाकी काही नाही.

गणवेशाचंही एक त्रांगडं होतं. पूर्वी मोफत गणवेश सगळ्या मुलींना, आणि मुलग्यांमध्ये फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा. हेतू चांगलाच. पण एकाच वर्गात शेजारी शेजारी बसणारी दोन पोरं, एकाला नवा गणवेश आणि दुसरा तसाच. ज्याला मिळाला त्यालाही टोमणा, ज्याला नाही त्याचंही मन खट्टू. २०२३ साली राज्यानं सगळ्याच मुलांना गणवेश आणि बूट-मोजे द्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी सगळ्या राज्याला एकच गणवेश करायला गेले आणि मुलांना तो मिळायलाच कितीतरी महिने लागले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. म्हणजे आपल्याकडेच. कापड कुठलं, शिवणार कोण, मुलींना स्कर्ट की सलवार की पँट, हे आपण ठरवू शकतो. आमच्या बचत गटाच्या तीन जणींनी शिवणाचं काम मागितलं आहे.

आता उताराबद्दल. दिव्यांग मुलांसाठी शाळेच्या पायऱ्यांशेजारी जो उतार बांधतात त्याला आपण सगळे 'रॅम्प' म्हणतो. नियम सोपा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमच्या एका शाळेत दोन फूट उंचीला सहा फुटांचा उतार बांधला होता. मुलं त्याचा घसरगुंडीसारखा उपयोग करायची. पायानं अधू असलेला पहिलीतला मुलगा मात्र आईच्या कडेवरूनच वर्गात यायचा. सहा वर्षांचा, अंगानं भरलेला. आईची कंबर कामातून गेली होती. "हा दहा वर्षांचा झाला की काय करू?" असं ती मला विचारायची.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. समग्र शिक्षेतून फिरते विशेष शिक्षक असतात, प्रवास आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, दिव्यांग मुलींना दरमहा दोनशे रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. पण हे मागावं लागतं, आणि मागायला प्रमाणपत्र लागतं. त्या प्रमाणपत्रासाठी ही आई जिल्ह्याच्या रुग्णालयात चार खेपा करून आली. मजुरी बुडाली ती वेगळीच. पाचव्या खेपेला आमच्यापैकी एक जण सोबत गेली, तेव्हा काम झालं. उतारही आता वळण घेऊन लांब केला आहे, बाजूला लोखंडी कठडा आहे. पण मुलाला शाळेत खरं सामावून घेतलं ते पोरांनी. कबड्डीत त्याला पंच केलं! आणि पंच इतका कडक, की दोन्ही संघ त्याच्यावर चिडतात. चिडू देत. दया करण्यापेक्षा ते बरं.

शेवटी पालांवरच्या मुलांविषयी. आमच्या गावाबाहेर, बाजार समितीच्या मागं, दिवाळीनंतर पालं पडतात. कामासाठी हिंडणारी कुटुंबं. त्यांची मुलं शाळेच्या कुंपणापाशी उभी राहून प्रार्थना ऐकतात. "दाखला नाही, जन्माचा कागद नाही, कसं घ्यायचं?" हे उत्तर अजूनही ऐकू येतं. ते चूक आहे. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा, हे कायद्यातच आहे.

कायद्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडकांनी हे करून दाखवलं होतं. बोर्डीला १९४५ साली त्यांनी बालवाडी काढली. दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताई वाघ आणि त्यांनी कुरणात शाळा भरवली. मूल येत नाही ना, मग आपण जाऊ, इतका सरळ हिशेब.

आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई गेल्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पालांवर जाऊन बसल्या. मुलांची घरची बोली वेगळी, मराठी तुटकं. बाईंनी त्यांच्याकडून वीस-पंचवीस शब्द शिकून घेतले आणि वर्गात एका तक्त्यावर लिहिले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला त्यांची बोली. ज्या दिवशी पालावरचा एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून बाकीच्यांना ते शब्द म्हणायला लावत होता, त्या दिवशी त्याची ऐट बघण्यासारखी होती. त्या हंगामात पाच मुलं वर्गात बसली. पालं उठली तेव्हा त्यांच्याबरोबर शाळेत बसल्याचा आणि शिकलेल्याचा कागद दिला, म्हणजे पुढच्या गावी परत पहिल्यापासून सुरुवात नको.

यंदा पालं पुन्हा पडली आहेत. चार मुलं यायला लागलीत, एक मुलगी अजून येत नाही. आठ-नऊ वर्षांची आहे. आई-वडील कामाला जातात आणि ती अडीच वर्षांच्या भावाला सांभाळते. अंगणवाडीताईंशी बोलणं झालं आहे. त्याचं वय जरा कमी पडतं, पण त्या बसवून घ्यायला तयार आहेत. अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, भिंतीपलीकडे. तो रडला तर बहिणीला ऐकू येईल. परवा मी आईला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकरी थापता थापता एकदा मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोमवारी आणून बघते."